बाटली आधी मांगराबाहेर ठेव

दापोडी, पुणे
रविवार, १० ऑगस्ट

चि. सुयोग यास,

परवा रात्री मनूचा फोन आला. आधी लग्नाच्या साड्यांचं बोलली, मग हॉलच्या भाड्याचं, आणि मग हळूच मुद्द्यावर आली. तू मांगरात फियाटच्या कार्बोरेटरमध्ये बाटलीने पेट्रोल ओतत होतास, तुझा मित्र आत बसून सेल्फ मारत होता, भडका उडाला आणि तुझी डावी भुवई गेली. वहिनीशी मी त्याच सकाळी बोललो होतो, पण ती पावसापलीकडे काही बोलली नाही. म्हणजे तिलाही तू गप्प बसवलंस. मनूवर चिडू नकोस. तिने सांगितलं नसतं तर मी तिच्यावर चिडलो असतो.

फोनवर तुला काही सांगावं तर तू "हो काका, हो काका" करतोस आणि ठेवून देतोस. म्हणून लिहितो आहे. कागद खिशात ठेवता येतो.

अरे, एअर फिल्टर काढलेला, कार्बोरेटर उघडा, त्यावर बाटली धरलेला तुझा हात, आणि आतून सेल्फ! ही अक्कल कुणाची? तो जाळ वीतभर आणखी वर आला असता तर बाटलीने पेट घेतला असता, आणि पेटलेली बाटली माणूस धरून ठेवत नाही, भिरकावतो. भिरकावणार कुठे? मांगराच्या माळ्यावर पेंढा आहे, खाली शेणी रचलेल्या आहेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरून कोपऱ्यात साचते. बंद मांगरात ती कुठवर गेली आहे हे डोळ्यांना दिसत नाही. आणि अशा वेळी घाबरून लोक पाणी मारतात. पाण्यावर पेट्रोल तरंगतं आणि आग आणखी पसरते. कोरडी वाळू भरलेल्या दोन बादल्या आजच्या आज दाराशी ठेव. देवरुखच्या बाजारात पावडरचं अग्निशामक मिळालं तर तेही आण, पैसे मी देतो.

आता गाडीचं. तू मनूला सांगितलंस की इंजिन गरागरा फिरतं, पण घेत नाही. म्हणजे बॅटरी आणि सेल्फ ठीक आहेत. राहिलं काय? पेट्रोल आणि ठिणगी. त्या भडक्याने तुझी भुवई घेतली, पण एक गोष्ट सांगितली. जाळ उडाला म्हणजे ठिणगी पडते आहे. फक्त ती अवेळी पडते आहे, इनलेट वॉल्व्ह उघडा असताना, म्हणून जाळ वरच्या तोंडाने बाहेर आला. मनू म्हणाली, प्लग साफ करून पेपरवर मांडले होते. चारही वायरी एकदम काढल्या होत्यास ना? मग त्या अदलाबदल होऊनच परत बसल्या असणार.

फियाटचा क्रम १-३-४-२. एक नंबरचा सिलिंडर पंख्याच्या बाजूचा. इग्निशन बंद ठेव, चारही प्लग काढ, एक नंबरच्या भोकावर अंगठा दाब आणि गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मित्राला हळूहळू पुढे ढकलायला सांग. हवा अंगठ्याला बाहेर लोटू लागली की पिस्टन दाबाच्या फेरीत वर येतो आहे असं समज. तो अगदी वर आला की थांब आणि डेल्कोचं, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचं, झाकण उघड. रोटरचं तोंड झाकणातल्या ज्या टोकाकडे असेल, तिथली वायर एक नंबरची. तिथून रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने तीन, चार, दोन. डेल्कोचा बोल्ट कुणी ढिला केला असेल तर तोही पाहा, कारण मग टायमिंगच हललेलं असेल.

झाकण हातात आहे तोवर ते उजेडात धरून आतून बघ. कोकणातला पाऊस, तीन वर्षं न हललेली गाडी. आत ओल असेल. केसाएवढी काळी रेघ एका टोकाकडून दुसऱ्याकडे गेलेली दिसली तर करंट तिथूनच पळतो आहे. पुसून जात नाही ती. झाकण बदल. मग पॉइंट बघ. उभ्या गाडीच्या पॉइंटवर करडी साय धरते, ठिणगी पिवळी आणि मरतुकडी होते. बारीक पॉलिश पेपरची पट्टी दोन्ही टोकांमध्ये घालून दोनदा ओढ, मग कोऱ्या कागदाची पट्टी ओढून धूळ काढ. गॅपचा आकडा तुझ्या बापाच्या, अण्णाच्या, निळ्या वहीत आहे, तोच धर. नेटवर दहा आकडे सापडतील.

ठिणगी बघायची असेल तेव्हा चारही प्लग जागेवर घट्ट बसलेले हवेत आणि पाचवा, जास्तीचा प्लग वायरीला लावून इंजिनच्या लोखंडाला टेकवलेला हवा, कार्बोरेटरपासून लांबच्या बाजूला. उघड्या भोकातून सेल्फबरोबर पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते, आणि शेजारीच तू ठिणगी पाडतोस. तेव्हा बाटली कुठे असायची? मांगराबाहेर, विहिरीपलीकडे.

पेट्रोल तपासताना उलट. कॉइलची इग्निशनकडची बारीक वायर काढून ठेव, म्हणजे ठिणगीच पडणार नाही. मग कार्बोरेटरकडे येणारी नळी काढून तिचं तोंड डब्यात सोड आणि थोडा सेल्फ मार. ठोक्याठोक्याने धार यायला हवी. आली नाही तर एसी पंपाचा, म्हणजे पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा, पडदा कडक झाला असेल, नळी कुठेतरी हवा ओढत असेल किंवा टाकीतला कचरा अडकला असेल. तसंही तीन वर्षांचं पेट्रोल आता पेट्रोल राहिलेलं नाही. त्याचा चिकट थर जेटमध्ये बसतो. टाकी रिकामी कर. सगळ्या रबरी नळ्या बदल, कारण हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने फुगतं, चिरतं. गरम इंजिनावर चिरलेली नळी म्हणजे पुन्हा तेच, ज्याच्या धास्तीने मला झोप लागत नाही.

लक्षात ठेवायचं एवढंच. पेट्रोल तपासताना ठिणगी बंद, ठिणगी तपासताना पेट्रोल बंद. दोन्ही एकदम हातात घ्यायची नाहीत.

आणि डिपस्टिक हुंगून बघ. वरून ओतलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली उतरतं. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर ते बदलल्याशिवाय सुरू करू नकोस.

मी आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये डिझेलच्या गाड्या उघडल्या. डिझेलला ठिणगी लागत नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच ते पेटतं. पेट्रोल गाडीचं मला जे येतं ते सगळं अण्णाने शिकवलेलं. कुर्ल्याला तेव्हा फियाट बनवणारा प्रीमियरचा कारखाना, आणि त्याच कुर्ल्यात अण्णा टॅक्सीवाल्यांच्या गॅरेजात. १९७४ पासून गाडीचं नाव पद्मिनी झालं, पण तुझ्या बापाने तिला कधी फियाटशिवाय दुसरं काही म्हटलं नाही. तो देवरुखला परतला तेव्हा मला म्हणाला होता, "नाना, नोकरी सोड, दोघं मिळून गॅरेज काढू." मला पेन्शन दिसत होती. नाही म्हटलं. तो पुन्हा कधी बोलला नाही. पेन्शन येते वेळेवर, पण त्याच्या शेजारी उभं राहून काम करायचं राहिलं ते राहिलंच. मुंबईत ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी धावणार नाही अशी बातमी वाचली तेव्हा अण्णाला सांगायला म्हणून मी फोन उचलला होता. मग आठवलं.

म्हणून तुझी घाई मला कळते. मनूला मार्गशीर्षात बापाच्या गाडीतून मंडपात न्यायचंय तुला. तू तोंडाने म्हणाला नाहीस, पण मला कळतं. तू अण्णासारखाच, मनातलं हाताने करणारा. गाडीला हात लावलास याचा मला राग नाही, उलट बरं वाटलं. अण्णा गेल्यावर त्या मांगराचं दार उघडायचा धीर आम्हा कुणालाच झाला नव्हता. वहिनी तर तिकडे बघतही नव्हती. तू उघडलंस.

भुवई येईल हळूहळू. तोवर खोबरेल लाव आणि डोळ्यात चुरचुर असेल तर लपवू नकोस, डॉक्टरला दाखव. गाडी सुरू नाही झाली तर मनू भाड्याच्या गाडीतून जाईल, तिला त्याचं काही वाटायचं नाही. तू मात्र बोहल्याशी धडधाकट उभा हवास. बापाच्या जागी तिला तूच आहेस.

येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने मी निघतो. फिलर गेज, जास्तीचा प्लग आणि एसी पंपाचं किट घेऊन येतो. तोपर्यंत बॅटरीची वायर काढून ठेव, पेट्रोलची बाटली मांगराबाहेर ने आणि गाडीला एकट्याने हात लावू नकोस. वहिनीला सांग, मला जेवायला काही विशेष नको. पत्र मिळाल्याचा फोन कर, आणि या खेपेला लगेच ठेवू नकोस, थोडं बोल.

तुझा,
नानाकाका