गती आणि तरंग : काय पुढे जाते, काय जागीच राहते

फोंडाघाट उतरून एस.टी. गावात येते, तेव्हा गाडीबरोबर प्रवासी आणि सामान, सारेच खाली येते. मालवणच्या समुद्रात लाट किनाऱ्याकडे येते, तेव्हा काय येते? हा प्रश्न आम्ही वर्गात विचारला की बहुतेक मुले चटकन 'पाणी' असे उत्तर देतात. हे उत्तर का अपुरे आहे, ते समजणे म्हणजेच तरंग समजणे होय. माजी विद्यार्थ्यांना त्या पाठाचे स्मरण व्हावे आणि पालकांनाही तो मुलांसह पडताळता यावा, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम गती पाहू. घाटाचा रस्ता वळणावळणाचा आहे. गाडीने प्रत्यक्ष कापलेली लांबी म्हणजे अंतर. माथा व पायथा यांना जोडणारी सरळ रेषा म्हणजे विस्थापन. अंतराला वेळेने भागले की चाल मिळते, विस्थापनाला भागले की वेग. वेगाला दिशा असते. म्हणून वळणावर काटा ताशी ३० किलोमीटरवर स्थिर असला तरी वेग बदलतो, आणि आपण आसनावर बाहेरच्या बाजूस कलतो. चाल दुप्पट झाली की गतिज ऊर्जा चौपट होते. त्यामुळे ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचे अंतरही सुमारे चौपट होते. दुचाकीने घाट उतरणाऱ्या तरुणांनी हा नियम केवळ परीक्षेपुरता ठेवू नये.

आता तरंग. परातीत पाणी घेऊन त्यावर सुके पान सोडावे आणि कडेला बोट बुडवावे. तरंग पानाखालून पुढे जातो. पान मात्र वरखाली डोलून जवळजवळ जागीच राहते. खोल समुद्रातही पाण्याचे कण वर्तुळाकार फिरून बहुतांशी मूळ जागी येतात. पुढे जाते ती ऊर्जा. दक्षिण हिंदी महासागरातील वादळांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचतात, पण तेथील पाणी त्यांच्याबरोबर येत नाही. उथळ किनाऱ्यावर मात्र लाट फुटते, तेव्हा पाणी खरोखरच पुढे धावते आणि परतताना माणसाला आत ओढू शकते. सहलीत मुलांना आम्ही पाण्यापासून दूर ठेवतो, त्याचे कारण हेच.

एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंतचे अंतर म्हणजे तरंगलांबी. एका सेकंदात जाणाऱ्या तरंगांची संख्या म्हणजे वारंवारिता. दोहोंचा गुणाकार म्हणजे तरंगाचा वेग. समजा, तरंगलांबी ५० मीटर असून दर १० सेकंदांनी एक लाट येते. तर वेग सेकंदाला ५ मीटर झाला.

ध्वनीही तरंगच. हवेचे कण पुढेमागे हलतात, संपीडन व विरलन होते आणि आवाज कानी येतो. २२ अंश सेल्सिअस तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर असतो. प्रकाश त्याहून कितीतरी वेगवान. म्हणून वीज आधी दिसते, गडगडाट मागाहून ऐकू येतो. मधले सेकंद मोजून तीनने भागावे. वीज किती किलोमीटरवर पडली ते कळते. सेकंद तीसहून कमी भरले तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. शेतात किंवा झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जावे.

भगवान बुद्धांनी केसपुत्त येथील कालामांना उपदेश केला, की केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा गुरू सांगतात म्हणून काही स्वीकारू नये. स्वतः पारखून घ्यावे. विज्ञानाच्या तासाला आमचीही अपेक्षा तीच असते. येत्या मृगात विजा चमकू लागल्या की पालकांनी मुलांना जवळ घेऊन घरातच बसावे आणि सेकंद मोजायला सांगावे. भीतीच्या जागी गणित आले, तर आमचा पाठ पूर्ण झाला असे आम्ही समजू.