सारंगखेड्याचा घोडा आणि तीन फासे

होस्टेलवर पत्ते कुणाला शिकवावे लागत नाहीत. मेंढीकोट, बदाम सात, रमी... लाइट गेली की मेणबत्ती लावून डाव सुरू. पण गेल्या दिवाळीनंतर आमच्या रूमवर एक वेगळाच खेळ सुरू झाला. त्यात डाव जिंकायचा नसतो, गोष्ट घडवायची असते. त्या खेळाच्या नियमांवरून आमच्यात जो वाद झाला, त्यातून मला जे कळलं ते इथे मांडतोय.

आधी खेळाची ओळख. रोल प्लेइंग गेममध्ये चार-पाच जण गोल करून बसतात. एक जण सूत्रधार, बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र. सूत्रधार प्रसंग सांगतो, "तापीला पूर आलाय, पलीकडे जायचंय. काय करता?" आपलं पात्र काय करील ते आपण तोंडी सांगायचं. जमेल की नाही अशी शंका असेल तिथेच फासे टाकायचे. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला, तिथून हा प्रकार रुजला. त्याचे नियम भुयारं, राक्षस आणि खजिना यांच्यासाठी बनवलेले होते.

पुढे लोकांना वाटलं, अवकाशयान असो, हेरकथा असो की राजेरजवाडे, सगळ्याला चालतील असे एकच नियम का नसावेत? या विचाराचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे स्टीव्ह जॅक्सन यांच्या कंपनीने १९८६ साली काढलेलं 'गर्प्स'. त्यात प्रत्येक पात्राचे चार मूळ गुण असतात: ताकद, चपळाई, बुद्धी आणि प्रकृती. त्यावर आधारलेली कौशल्यं असतात, उदाहरणार्थ पोहणं, घोडेस्वारी, व्यापार. साधे तीन फासे टाकायचे. बेरीज कौशल्याच्या आकड्याइतकी किंवा कमी आली की जमलं.

आपल्या लोकांना यातलं गणित आवडेल. तीन फाशांच्या एकूण २१६ शक्यता. कौशल्य १० असेल तर त्यांपैकी १०८ आपल्या बाजूच्या, म्हणजे बरोबर ५० टक्के. कौशल्य १२ झालं की १६०, म्हणजे ७४ टक्के. १४ झालं की १९६, म्हणजे जवळजवळ ९१ टक्के. मधल्या भागात एका आकड्याने खूप फरक पडतो, टोकाला कमी. नियम एकदा शिकला की कोणत्याही गोष्टीला लावता येतो. मी सूत्रधार होतो आणि या नियमांवर एकदम खूश होतो.

आमची गोष्ट मी सारंगखेड्याच्या यात्रेत ठेवली. आपल्या जिल्ह्यात शहादा तालुक्यात, तापीच्या काठी, दत्तजयंतीला भरणारा तो घोडेबाजार सगळ्यांना माहीत आहे. एका पात्राला घोडा विकायचा होता. व्यापाराचं कौशल्य १२. समोरच्या व्यापाऱ्याचं ११. मी म्हटलं, दोघांनी फासे टाका, जो जास्त फरकाने जमवील त्याच्या बाजूने सौदा. फासे पडले, विकणारा जिंकला, घोडा चांगल्या भावाने गेला. सगळं मिळून अर्धा मिनिट.

आमच्यात एक मित्र आहे, शहाद्याकडचा. सगळे त्याला भाऊ म्हणतात. तो म्हणाला, "अरे, असं नाही विकत जनावर."

मी इंजिनिअरसारखं उत्तर दिलं, "गरजू असेल तर उणे २ धरू. १२ चं १० झालं. ७४ टक्क्यांवरून ५० वर आला. झालं?"

भाऊ थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "माझ्या फीसाठी आमची बैलजोडी विकली. बापू काही बोलायला कमी पडले नाहीत. ॲडमिशनची तारीख जवळ आली होती, एवढंच."

रूममध्ये कुणी काही बोललं नाही. पण माझ्या नियमातली चूक तिथेच सापडली. उणे २ केल्याने आकडा बदलतो, प्रश्न तोच राहतो: तू किती चांगला बोललास? बाजारात खरा प्रश्न वेगळाच असतो: तू किती दिवस थांबू शकतोस? माझा नियम तो मोजतच नव्हता.

मग आम्ही फक्त सौद्यापुरता खास नियम बनवला. विकणाऱ्याने चिठ्ठीवर गुपचूप दोन आकडे लिहायचे: किती पैसे हवेतच आणि किती दिवस थांबता येईल. यात्रेतल्या प्रत्येक दिवसाचा चाऱ्याचा खर्च वजा. सौदा गुरांच्या बाजारातल्यासारखा, हातावर टॉवेल टाकून, खाली बोटांनी. तिसऱ्याला काही दिसत नाही. फासे अजिबात नाहीत.

पुढच्या रविवारी मी घोडा विकायला बसलो, भाऊ व्यापारी. तीन दिवस गेले. माझ्या चिठ्ठीत अजून एक दिवस शिल्लक होता, तरी त्याने बोटं धरून नुसती थांबवली आणि मला धीर राहिला नाही. हव्या होत्या त्यापेक्षा कमी पैशांत मी हो म्हटलं. खेळच होता, पण घसा कोरडा पडला होता. आधीच्या आठवड्यात तोच घोडा अर्ध्या मिनिटात विकला गेला तेव्हा कुणाला काहीच वाटलं नव्हतं.

मग सर्वसाधारण नियम टाकून द्यायचे का? नाही. त्याच रात्री गोष्टीत घोडा चोरीला गेला आणि पाठलाग तोरणमाळच्या घाटात पोचला. अंधारात माग काढणं, कडा चढणं, घोड्यावरून पडणं. आमचा टॉवेलचा नियम इथे काय कामाचा? 'गर्प्स'च्या तीन फाशांनी सगळं झटपट निभावलं. वर्कशॉपमध्ये ॲडजस्टेबल पाना असतो ना, तसं आहे हे. तो कुठल्याही नटाला लागतो. पण जो नट खरोखर घट्ट बसलाय, त्याला रिंग पानाच लागतो. नाहीतर कडा झिजतात आणि नट जागचा हलत नाही.

जाणकारांनीही हेच केलेलं दिसतं. केऑसियम या कंपनीने 'रूनक्वेस्ट' (१९७८) या खेळातून काढलेले सर्वसाधारण नियम १९८० साली वेगळे छापले. त्याच पायावर १९८१ साली 'कॉल ऑफ क्थुलू' हा भयकथांचा खेळ आला. त्यात एक खास गोष्ट घातली: मनाचा तोल मोजणारे गुण. भयानक काही दिसलं की ते कमी होतात. आणि त्या गूढ विषयाचं ज्ञान जसं वाढतं, तशी तोलाची कमाल मर्यादाच खाली येते. म्हणजे जितकं कळेल तितकं वेडाच्या जवळ. भीतीचं वर्णन न करता एका नियमाने भीती आणली.

आणि हे फक्त परदेशातलं नाही. आपले ५२ पत्ते म्हणजे सर्वसाधारण साधन, त्यावर कितीही खेळ बसवा. उलट सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा घ्या. १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि १ ते १०. दिवसा डावाची सुरुवात रामाच्या रंगाने होते, रात्री कृष्णाच्या. इथे दिवस की रात्र हेही नियमात आहे. बदामच्या राजाला असा कुठलाच काळवेळ नाही!

तेव्हा कुणाला आपल्या रूमवर हा खेळ सुरू करायचा असेल, तर माझा अनुभव असा. आधी सर्वसाधारण नियम घ्या, सोपे आणि कमी. मग स्वतःला विचारा, आपल्या गोष्टीत खरं काय पणाला लागलंय? आणि आपला नियम नेमकं तेच मोजतोय का? मोजत नसेल तर तेवढ्या एका जागी खास नियम करा, बाकी सगळीकडे तीन फासे पुरतात. आणि तो नियम बनवताना पुस्तकाआधी, ज्याने ती गोष्ट जवळून पाहिलीय त्याला विचारा. आम्हाला भाऊ भेटला. तुमच्याही विंगमध्ये कुणीतरी असेलच.