कापसातला खिळा आणि चुंबकाचा रोलर

उर्दू शाळेत आमच्या मास्टर साहेबांनी एकदा वाळूत लोखंडाचा कीस मिसळला आणि त्यावरून मकनातीस फिरवला. मराठीत ज्याला लोहचुंबक म्हणतात तोच हा मकनातीस. कीस उठून चुंबकाला चिकटला, वाळू जागेवर राहिली. वर्गात सर्वांनी टाळ्या वाजवल्या आणि धडा संपला. आम्ही पुढे कापडाच्या धंद्यात पडलो. ठाण मोजणाऱ्या माणसाला या धड्याचा काय उपयोग, असे आम्हाला वाटत असे. तोच धडा पुढे आम्हाला मोठी फी भरून पुन्हा शिकावा लागला. वाचक बंधूंना ती फी भरावी लागू नये, म्हणून हा लेख.

यावल तालुक्यात कापड विकणाऱ्याचे गिऱ्हाईक म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी केळी आणि कापूस पिकवणारा शेतकरी. त्याचे पीक घरात आले की आमची उधारी वसूल होते. म्हणून इकडचे बरेच कापडवाले हंगामात थोडाफार कापूसही घेतात. २०१४ च्या हंगामात आम्ही आणि आमच्या मेहुण्यांनी भागीदारीत ६० क्विंटल कापूस घेऊन जिल्ह्यातील एका जिनिंगमध्ये टाकला. कापसातून साधारण तिसरा हिस्सा रुई निघते, बाकी सरकी. म्हणजे २० क्विंटल रुई, १७० किलोची गाठ धरली तर बाराच्या आसपास गाठी. हिशेब कागदावर मांडून आम्ही निश्चिंत झोपलो होतो. पहाटे निरोप आला की जिनिंगला आग लागली आहे.

कापसाची आग गवताच्या आगीसारखी नसते. वरची ज्वाला पाण्याने विझते, पण ढिगाच्या पोटात कापूस धुमसत राहतो. बांधलेल्या गाठीत तर ती आग काही दिवस दडून बसते आणि गाठ फोडताच पुन्हा पेट घेते. त्या ठिकाणी दोन दिवस ढीग उपसण्याचे काम चालले. जो माल जळाला नाही तो पाण्याने आणि धुराने खराब झाला. तिसऱ्या दिवशी एका मशीनच्या तोंडाशी काळा पडलेला नटबोल्ट सापडला. ट्रॉलीच्या फाळक्याला असतो तसा, बोटाएवढा. आमची रक्कम किती गेली ते इथे लिहीत नाही. त्या वर्षी घरात एक लग्न ठरले होते, ते पुढे ढकलावे लागले, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

बोटाएवढ्या बोल्टने एवढे कसे केले? आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दोन रोलरची जिनिंग मशीन असते. चामड्याच्या चकत्या दाबून केलेले हे रोलर कापसाचे तंतू धरून पोलादी पट्टीखालून ओढतात आणि दुसरी हलती पट्टी सरकीला धक्के देऊन वेगळी करते. पट्ट्या पोलादाच्या, त्यांच्यातले अंतर अगदी थोडे. त्यात लोखंडाचा तुकडा अडकला की घासतो, तापतो, ठिणगी उडते. आधीच्या सफाई मशीनच्या फिरत्या दात्यांवर आपटला तरी तेच. भोवती मोकळी, कोरडी रुई असते. शिवाय पुढे ओढणारी हवा ती ठिणगी नळीतून थेट ढिगापर्यंत नेऊन सोडते.

हे लोखंड शेतकरी मुद्दाम टाकत नाही, हेही सांगितले पाहिजे. ट्रॉलीचा बोल्ट गळतो, विळ्याचे टोक मोडते, गोणीला बांधलेली तार सुटते, अंगणात वाळत घातलेल्या कापसाबरोबर खिळा किंवा बाटलीचे झाकण उचलले जाते. वेचणीपासून मशीनपर्यंत कापूस कितीदा जमिनीवर पडतो याचा विचार केला, तर लोखंड इतके कमी कसे निघते याचेच नवल वाटते.

यावर उपाय म्हणजे चुंबकाचा रोलर. जिनिंगमध्ये कापूस रबरी पट्ट्यावरून पुढे जातो. पट्ट्याच्या दोन टोकांना दोन रोलर असतात. ज्या टोकाला माल खाली पडतो, त्या टोकाचा साधा रोलर काढून तिथे आत चुंबक भरलेला रोलर बसवतात. पट्टा टोकाशी वळतो तेव्हा कापूस आपल्या ओघात पुढे पडतो. लोखंडाला मात्र रोलर सोडत नाही. तुकडा पट्ट्याला चिकटून वळणाबरोबर खालच्या अंगाला जातो. पट्टा रोलरपासून सुटला की चुंबकाची पकड संपते आणि तुकडा खाली ठेवलेल्या पेटीत पडतो. माणसाचा हात लागत नाही, मशीन थांबत नाही.

दुसरा प्रकार ड्रमचा. त्यात चुंबक फिरत नाही. तो आत अर्ध्या गोलात स्थिर बसवलेला असतो आणि बाहेरचे पत्र्याचे कवच तेवढे फिरते. लोखंड कवचाला चिकटून फिरत फिरत जिथे आतला चुंबक संपतो तिथे गळते. कवचावर आडव्या उंच पट्ट्या मारलेल्या नसतील, तर तुकडा चुंबकाच्या कडेशी घसरत राहतो आणि पुढे जातच नाही. ड्रम विकत घेताना या पट्ट्या आहेत का ते आधी बघावे.

मोठ्या कारखान्यांत हीच युक्ती लोखंडी वस्तू इकडून तिकडे नेण्यासाठी वापरतात. पत्र्याचे रिकामे डबे सरळ उभ्या चढावर नेतात, उलटे टांगून धुतात, आणि एकही डबा पडत नाही. पोलादाचे पत्रे वरून पकडून नेतात. लेथच्या खालचा लोखंडी भुसा तेलातून उचलून वर आणतात. तिथे चुंबक मालाला धरून नेतो, आपल्या जिनिंगमध्ये तो मालातल्या शत्रूला धरून नेतो.

आगीनंतर जिनिंगच्या मालकांना असा रोलर बसवायचा होता. तयार रोलरची किंमत ऐकून ते मागे सरले. तेव्हा आम्हीच त्यांना भुसावळच्या एका लेथवाल्या उस्तादांकडे घेऊन गेलो. उस्तादांचा हात असा की त्यांच्या लेथवरून उतरलेल्या शाफ्टवर बोट फिरवले तर सांधा कळत नाही. त्यांनी शाफ्ट केला, त्यावर फेराइटचे ठोकळे बसवले आणि वर तीन मिलिमीटरचा साधा लोखंडी पत्रा गुंडाळून वेल्डिंग केले. रोलर देखणा झाला. खिळा लावला तर जेमतेम धरला, आणि मध्ये पट्टा धरला तर खिळा गळून पडला. उस्ताद आमच्याकडे बघून म्हणाले, “सेठ, ठोकळे बसवताना माझी बोटं चिमटून निघाली. तो जोर गेला कुठे?”

जोर कुठेही गेला नव्हता. तो आतच कोंडला गेला होता. चुंबकाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारी ओढ नेहमी लोखंडातून जायला बघते, कारण तिला हवेपेक्षा लोखंडातली वाट सोपी. बाहेरून लोखंडी पत्रा गुंडाळला की ओढीला घरातल्या घरात रस्ता मिळतो, ती पत्र्यातूनच फिरून परत जाते. म्हणून रोलरच्या आत, ठोकळ्यांच्या मागे लोखंड हवे, त्याने जोर वाढतो. बाहेरचे कवच मात्र चुंबकाला न चिकटणारे हवे, म्हणजे ३०४ जातीचे स्टेनलेस किंवा पितळ. स्टेनलेस म्हटले की ते चिकटत नाही असेही समजू नये. ४३० जातीचे चांगले चिकटते. पत्रा घेताना खिशातून एक छोटा चुंबक नेला की फसगत टळते.

दुसऱ्या खेपेस ३०४ चा पत्रा लावला. वेल्डिंगची उष्णता ठोकळ्यांना लागू नये म्हणून आधी कवच तयार करून मग आत चुंबक सरकवले. खूप तापला की चुंबक आपली ताकद गमावतो आणि थंड झाल्यावर ती सगळी परत येत नाही. हा रोलर पट्ट्यावरून खिळा धरू लागला. आमच्या कारीगर बांधवांनी हे काम जरूर शिकावे असे आम्हाला वाटते. यात लागणारे हुन्नर आपल्या लेथवाल्यांकडे आहेच, कमी आहे ती एवढ्याशा माहितीची.

चुंबक कोणता घ्यावा हा प्रश्न पुढे येतो. १९३० च्या दशकात अल्निको नावाचा मिश्रधातू आला, १९५० च्या दशकात स्वस्त काळे फेराइट आले, आणि १९८० च्या दशकात जपान व अमेरिकेत निओडिमियमचे चुंबक तयार झाले. निओडिमियम फार ताकदवान. पण त्याची साधी जात ८० अंशांच्या वर कमजोर पडू लागते, गंजते, म्हणून त्यावर मुलामा लागतो, आणि दोन मोठे ठोकळे एकमेकांवर झेपावले तर मधले बोट वाचत नाही. ज्याच्या छातीत पेसमेकर बसवला आहे अशा माणसाने या कामाजवळ फिरकूही नये. या जातीचा माल मुख्यतः चीनमधून येतो. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मिळ धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा मोटारींच्या कारखानदारांचीही धावपळ झाली. बोल्ट, खिळा, विळ्याचे टोक पकडण्यासाठी आमच्या मते फेराइट पुरेसे आहे. बारीक कीस आणि गंजाची भुकटी पकडायची असेल तरच निओडिमियमच्या मागे लागावे.

आता ज्या गोष्टीत बहुतेक लोक चुकतात ती सांगतो. चुंबकाची ओढ अंतराबरोबर फार झपाट्याने घटते. पट्ट्यावर वीतभर जाडीचा कापूस आणि त्याच्या वरच्या थरात खिळा असेल, तर कितीही महाग रोलर लावा, खिळा कापसाबरोबरच जाणार. कापूस तर खिळ्याला वेढून घेतो. म्हणून थर पातळ हवा, पट्ट्याचा वेग बेताचा हवा, आणि कापूस मोकळा झाल्यानंतर आणखी एक चुंबक हवा. पहिला सफाई मशीनला वाचवतो, दुसरा जिनिंग मशीनला. रबरी पट्ट्याचा सांधा लोखंडी क्लिपांनी जोडलेला असेल तर प्रत्येक फेऱ्याला रोलर त्या क्लिपांनाच ओढतो आणि सांधा उसवतो. तो सांधा तापवून चिकटवलेला असावा.

चुंबकाला दगड कळत नाही, पितळ कळत नाही. दगडासाठी हवेच्या नळीत वेगळा सापळा ठेवतात, त्यात हलका कापूस वर ओढला जातो आणि जड वस्तू खाली पडते. आणि कापडवाला म्हणून एक तक्रार नोंदवतो. आम्हाला खिळ्यापेक्षा गोणीच्या रंगीत प्लास्टिक सुतळीचा त्रास जास्त. ती रुईत मिसळून सुतात जाते, रंगाई झाली की ठाणावर डाग म्हणून उमटते, आणि गिऱ्हाईक ठाण परत करते. तिला पकडणारा चुंबक अजून कोणी काढलेला नाही. ती वेचणाऱ्या बायकांच्या डोळ्यांवरच सोडावी लागते. फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र सरकारने कापसाचे तंत्रज्ञान मिशन सुरू केले, त्यात जिनिंगच्या आधुनिकीकरणाला मदत मिळत असे. पट्टे आणि नळ्या त्या काळात बऱ्याच ठिकाणी बसल्या. तरी सुतळी आहे तिथेच आहे.

जळगावच्या दालमिलमध्ये हेच काम वेगळ्या कारणाने लागते. तिथे आगीपेक्षा घासणाऱ्या खरबरीत रोलरची आणि खाणाऱ्याच्या दातांची चिंता. डाळ सुटी आणि घरंगळणारी असल्याने तिथे काम कापसापेक्षा सोपे जाते.

भंगाराच्या धंद्यात आमचे पुष्कळ बांधव आहेत, त्यांच्यासाठी थोडे अधिक. मिसळ भंगार चुंबकाच्या रोलरवरून सोडले तर लोखंड खाली वळते आणि ॲल्युमिनियम, तांबे, पितळ पुढे पडते. दहा माणसांचे निवडणे पट्टा एकटा करतो. पण जळालेली पंख्याची मोटर किंवा फ्रिजचा कॉम्प्रेसर यांचे अंग लोखंडाचे आणि पोटात तांब्याची तार. चुंबक अंग ओळखतो, पोट ओळखत नाही. ती मोटर लोखंडाच्या ढिगात जाते, लोखंडाच्या भावाने तोलली जाते, आणि तांबे विकत घेणाऱ्याला फुकट मिळते. म्हणून लोखंडाच्या पेटीशी एक जाणता माणूस ठेवावाच लागतो. मशीन आले म्हणून निवडणाऱ्या सर्व मजुरांना काढणारा मालक स्वतःचेच नुकसान करून घेतो.

शेवटी देखभालीचे. ड्रमला किंवा पट्ट्याच्या रोलरला लोखंड आपोआप गळते, पण ज्यांनी स्वस्तात म्हणून नळीत नुसती चुंबकाची पाटी लावली आहे, त्यांनी ती दर पाळीला हाताने साफ केली पाहिजे. लोखंडाने भरलेली पाटी नवे लोखंड धरत नाही, उलट जमलेला गुच्छ कधी तरी एकदम सुटून मशीनमध्ये जातो. आमच्या ओळखीच्या त्या जिनिंगमध्ये आता एक पद्धत पडली आहे. दहा नटांना लाल रंग दिला आहे. महिन्यातून एकदा मालक ते दहाही नट, आधी मशीन मोकळी चालवून आणि पुढे जाळी लावून, कापसात लपवून पट्ट्यावर सोडतात आणि पेटीत किती आले ते वहीत लिहितात. साध्या ताणकाट्याने रोलरवरून एक पोलादी गोळी ओढून किती जोर लागला तेही वर्षातून एकदा लिहितात, म्हणजे चुंबक कमजोर झाला तर आकड्यातच दिसते. पहिल्या महिन्यात दहापैकी सहा नट परत आले होते. कापसाचा थर अर्ध्यावर आणला तेव्हा नऊ आले. दहावा नट त्यांना अजून सापडलेला नाही, आणि तो सापडेपर्यंत रात्रपाळीला पाण्याची टाकी भरल्याशिवाय मशीन सुरू करायची नाही असा त्यांचा हुकूम आहे.