मेनूवर क्लिक केल्यावर नेमकं काय घडतं? (पायथॉन – टीकिंटर)



मुलं पायथॉनमध्ये लूप, फंक्शनपर्यंत छान येतात. विंडो आणि मेनू असलेला प्रोग्राम करायला घेतला की मात्र अडखळतात. कारण आतापर्यंत प्रोग्राम वरून खाली एकेक ओळ चालवून संपत होता. आता तो शेवटच्या 'मेनलूप'पाशी थांबतो आणि वापरणारा काय करतो याची वाट बघतो. हा फरक आधी नीट सांगा. समजा, मुलांना निबंध लिहायला एक छोटा एडिटर करायचा आहे.

१. मेनू बांधणे

क्रम असा: मेनूबार तयार करून विंडोला जोडायचा, त्यात 'अ‍ॅड_कॅस्केड'ने 'फाइल' हा मेनू लावायचा आणि त्या मेनूत 'अ‍ॅड_कमांड'ने 'जतन करा', 'बाहेर पडा' अशा ओळी घालायच्या. टीकिंटरचे शब्द इंग्रजी लिपीतच टाइप करावे लागतात. पण मेनूवरचा मजकूर मराठीत चालतो. पायथॉन ३ मध्ये फंक्शनचं नावसुद्धा मराठीत देता येतं.

२. नाव देणे आणि काम करून घेणे

प्रत्येक ओळीला 'कमांड' म्हणून फंक्शनचं फक्त नाव द्यायचं: जतन_करा. बरीच मुलं सवयीने जतन_करा() असं कंसासह लिहितात. मग मेनू बांधतानाच, विंडो दिसण्याआधीच, ते फंक्शन चालून जातं. पुढे कितीही क्लिक केलं तरी काहीच होत नाही. मूल म्हणतं, "मेनू बिघडलाय!"

मुलांना असं सांगा: प्लंबरचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवणं वेगळं आणि त्याला आत्ताच बोलावणं वेगळं. कंस लावला की बोलावणं झालं.

३. एक काम, तीन दारं

एडिटरमधून बाहेर पडायचे तीन रस्ते आहेत: मेनूतली ओळ, कंट्रोल-क्यू आणि कोपऱ्यातली फुली. यापैकी मेनूनेच "जतन करू का?" असं विचारलं आणि फुलीने विचारलंच नाही, तर अर्ध्या तासाचा निबंध एका क्लिकमध्ये गेला. म्हणून 'बाहेर_पडा' हे फंक्शन एकच ठेवा आणि तिन्ही रस्ते तिथेच आणा.

- 'अ‍ॅक्सिलरेटर' लिहिल्याने मेनूत शॉर्टकट फक्त दिसतो. तो चालण्यासाठी वेगळं 'बाइंड' करावंच लागतं.
- 'बाइंड' फंक्शनला 'इव्हेंट' ही एक वस्तू पाठवतं, मेनू पाठवत नाही. म्हणून फंक्शनच्या कंसात इव्हेंट = नन असं लिहा, म्हणजे दोन्हीकडून चालेल.
- फुलीसाठी विंडोच्या 'प्रोटोकॉल'मध्ये 'डब्ल्यूएम_डिलीट_विंडो' या नावापुढे तेच फंक्शन द्या.

४. 'नाही' आणि 'रद्द' एक नव्हेत

'आस्कयेसनोकॅन्सल' तीन उत्तरं देतं: हो म्हणजे ट्रू, नाही म्हणजे फॉल्स, रद्द म्हणजे नन. इथे 'इफ नॉट उत्तर' एवढंच लिहिलं, तर पायथॉन फॉल्स आणि नन यांना सारखंच धरतो. 'रद्द' दाबणाऱ्याला एडिटरमध्येच थांबायचं असतं, तरी विंडो बंद होते आणि लिखाण जातं! म्हणून 'उत्तर इज नन' ही तपासणी सगळ्यात आधी.

आणखी एक. 'हो' म्हटल्यावर फाइलचं नाव विचारणारी चौकट येते. मुलाने तीच रद्द केली तर जतन झालंच नाही. अशा वेळीही विंडो उघडीच राहायला हवी.

वर्गात किंवा घरी करून पाहा

संगणक सुरू करण्याआधी वहीत तीन रकाने आखायला सांगा: मेनूतली ओळ, तिचं फंक्शन आणि तिथे पोचायचे रस्ते. प्रोग्राम झाला की चार ओळी टाइप करायच्या आणि तिन्ही रस्त्यांनी बाहेर पडायचं. प्रत्येक वेळी हो, नाही, रद्द अशी तिन्ही उत्तरं द्यायची. एकूण नऊ चाचण्या होतात. 'नाही' सोडून कुठेही अक्षर हरवलं नाही, तर धडा समजला म्हणा.