मोबाईलचे इंटरनेट दुकानाच्या संगणकावर

व्यापारी बंधूंनो, पाथरीसारख्या गावात महिन्याच्या २० तारखेला ३-बी विवरणपत्र भरायचे आणि नेमके इंटरनेट बंद! कर देणे असताना उशीर झाला तर रोज ५० रुपये विलंब शुल्क, शिवाय व्याज. अशा वेळी मोबाईल केबलने संगणकाला जोडून काम भागते. तरीही इंटरनेट येत नसेल तर क्रमाने पाहावे.

१) मोबाईलवर इंटरनेट चालते का?

२) केबल तपासावी. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. आम्ही तासभर संगणकाला दोष देत बसलो; दोष केबलचा निघाला.

३) केबल लावल्यावरच मोबाईलच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करता येते. केबल निघाली की ते बंद होते. पुन्हा सुरू करावे लागते.

४) केबल संगणकाच्या मागच्या बाजूस लावून पाहावी. शेवटी दोन्ही यंत्रे बंद करून चालू करावीत.

जोडणी झाल्यावर विंडोजमध्ये ती ‘मीटर्ड’ करावी. नाहीतर अपडेटच दिवसाचा डेटा खाऊन टाकते.

चांगली केबल गल्ल्यात ठेवावी आणि हा प्रयोग २० तारखेआधीच करून पाहावा. हिशेब वेळेवर देणे हीसुद्धा अमानतच आहे.