धंद्यामागचे कारण आणि मनाचे स्वास्थ्य

व्यवसाय सुरू करण्यामागची कारणे ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. काही माणसाला मागून ढकलतात : नोकरी जाणे, वरिष्ठांचा जाच, न पुरणारा पगार. काही पुढे ओढतात : हातातले कसब, बाजारात दिसलेली गरज, कामाची आवड. १९९९ पासून चालू असलेल्या ‘ग्लोबल आंत्रप्रेन्युअरशिप मॉनिटर’ या पाहणीतही गरजेपोटी आणि संधी पाहून सुरू झालेले व्यवसाय वेगळे मोजले गेले.

हा भेद मनःस्वास्थ्याशी निगडित आहे. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मते माणसाला तीन गोष्टी लागतात : स्वतः निर्णय घेण्याची मोकळीक, काम जमते असा विश्वास आणि आपुलकीची नाती. धंद्यात या तिन्ही मिळू शकतात. कारण चुकले तर तिन्ही गमावण्याची वेळ येते.

प्रस्तुत लेखकाचा अनुभव असाच आहे. साहेबांशी खटके उडू लागल्यावर त्याने रागाच्या भरात राजीनामा दिला आणि पोळी-भाजी केंद्र काढले. स्वयंपाकात त्याला रस नव्हता. कुणाचे ऐकावे लागू नये, एवढाच हेतू होता. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम गाळ्याच्या डिपॉझिटमध्ये गेली. तीन महिन्यांत राग ओसरला आणि पहाटे पाचला उठण्याचे कारणही उरले नाही. पोळ्या लाटणाऱ्या बाई आल्या नाहीत की दिवस कोलमडे. डब्यांची उधारी थकू लागली. एका साहेबाच्या जागी गिऱ्हाईक, गाळामालक आणि कर्जाचा हप्ता असे तीन साहेब आले. झोप उडाली, घरात अबोला वाढला. दीड वर्षाने केंद्र बंद झाले.

नाराजीतून सुरू झालेला प्रत्येक धंदा बुडतो, असे मात्र नाही. बढती डावलली गेल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईतील व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटची नोकरी सोडली. पण यंत्रांची ओढ त्यांना आधीपासून होती. बेळगावचे सायकलींचे दुकान, लोखंडी नांगर आणि १९१० मधील किर्लोस्करवाडी त्या ओढीतून उभी राहिली. अपमान हे निमित्त होते.

धंद्याचा विचार करणाऱ्याने आपले कारण कागदावर लिहावे. साहेब उद्या बदलला तरी हा धंदा करावासा वाटेल का, हे स्वतःला विचारावे. नोकरी सांभाळून तेच काम सुट्टीच्या दिवशी करून पाहावे. निदान सहा महिन्यांचा घरखर्च भांडवलात न मिसळता बाजूला ठेवावा. घरच्यांना हिशेब आधी दाखवावा. नोकरी गेल्यामुळे ज्याला पर्यायच नसेल, त्याने येत असलेल्या कामातून, लहान प्रमाणात सुरुवात करावी. वरिष्ठांशी पटत नसेल तर नोकरी बदलावी. धंदा सुरू करावा तो त्या कामासाठीच.