शिक्का कुणाचा आणि कशावर?

बँकेत कर्जप्रकरणांची छाननी करण्यात माझी उभी हयात गेली. निवृत्तीनंतर सोसायटीतल्या वीसेक घरांसाठी एकत्र किराणा मागवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. पुरवठादार कुणाच्या तरी ओळखीतून मिळालेला. तूरडाळ, हरभरा, इंद्रायणी तांदूळ, गूळ, लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल, गावरान अंडी असं सगळं त्याच्याकडे 'सर्टिफाइड ऑरगॅनिक' होतं. भाव बाजारापेक्षा जवळजवळ दीडपट. प्रमाणपत्राचा फोटो त्याने पहिल्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर टाकला होता आणि सगळ्यांनी त्यावर अंगठे उमटवले होते.

नव्याने राहायला आलेल्या एका जोडप्याने "प्रमाणपत्र नक्की कशाचं आहे?" असं विचारलं, तेव्हा मी त्याची प्रिंट काढली आणि जुन्या सवयीने वाचायला बसले. कागद खरा होता. पण तो विदर्भातल्या एका शेतकरी गटाच्या नावाचा होता, त्यात पिकं लिहिली होती तूर, हरभरा आणि सोयाबीन, आणि त्याची मुदत आदल्या हंगामातच संपलेली. तांदूळ, गूळ, तेल, अंडी यांचा त्यात उल्लेखच नव्हता. फोन केला तर उत्तर आलं, "ताई, सगळा माल एकाच दर्जाचा आहे हो. इतके दिवस खाताय, कुणाची तक्रार आली का?" तक्रार येणार कशी? सेंद्रिय तांदूळ आणि साधा तांदूळ ताटात सारखेच दिसतात. म्हणूनच तर कागद लागतो.

पैसे परत मिळाले नाहीत. पण त्या निमित्ताने हा सगळा कारभार मी मुळापासून वाचून काढला.

आपल्याकडे सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या दोन वाटा आहेत. पहिली एनपीओपी. केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाखालची अपेडा ही संस्था ती चालवते आणि २००१ पासून ती सुरू आहे. यात त्रयस्थ संस्था शेतावर येऊन तपासणी करते. दुसरी पीजीएस, म्हणजे किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची तपासणी करून हमी देतो. ती कृषी मंत्रालयाकडे आहे. पीजीएस स्वस्त आहे, छोट्या शेतकऱ्याला झेपते. तिला कमी लेखायचं कारण नाही. फक्त 'पीजीएस ग्रीन' असं लिहिलं असेल तर ती जमीन अजून रूपांतराच्या काळात आहे हे ओळखा. रासायनिक शेती सोडल्यावर हंगामी पिकांसाठी साधारण दोन आणि फळबागांसाठी तीन वर्षं जावी लागतात, त्यानंतरच माल पूर्ण सेंद्रिय म्हणून विकता येतो. यातल्या कोणत्याही एका वाटेने आलेल्या मालासाठी अन्न सुरक्षा नियामक एफएसएसएआयने 'जैविक भारत' हे चिन्ह ठरवलं. त्याचे नियम २०१७ साली आले.

आता चौदा आकडी नंबराबद्दल. कितीतरी जण तो दाखवून "हे बघा, सरकारमान्य सेंद्रिय" म्हणतात. तो एफएसएसएआयचा परवाना क्रमांक. वेफर्सच्या पाकिटावरही तो असतो. सेंद्रियतेशी त्याचा काडीचा संबंध नाही. 'आयएसओ', 'लॅब टेस्टेड' यांचंही तेच. एका नमुन्याचा अहवाल त्या एका नमुन्याबद्दलच बोलतो.

प्रमाणपत्र हातात आलं की आधी नाव बघा. ते विकणाऱ्याचं आहे की भलत्याच कुणाचं? मग मुदत. एनपीओपीचं प्रमाणपत्र दर वर्षी नवं करावं लागतं. सगळ्यात महत्त्वाची म्हणजे सोबतची पिकांची यादी. प्रमाणपत्र माणसाला किंवा दुकानाला सरसकट मिळत नसतं, ठरावीक जमिनीवरच्या ठरावीक पिकांना मिळतं. मधला व्यापारी असेल तर त्याच्याकडे त्या-त्या खरेदीचं व्यवहार प्रमाणपत्रही असायला हवं, म्हणजे शेतापासून त्याच्या गोदामापर्यंतची साखळी जुळते. आमच्या पुरवठादाराकडे ते मागितलं, तेव्हापासून त्याने माझे फोन घेणं बंद केलं.

इतकं सगळं जुळलं, तरी 'सेंद्रिय' म्हणजे फवारणीच नाही असं समजू नका. निंबोळी अर्क, गंधक, तांब्याची काही संयुगं मर्यादेत वापरायला परवानगी असते. कीडनाशकांचे अंशही शून्य असतील असं नियम म्हणत नाही. साध्या अन्नासाठी ठरलेल्या कमाल मर्यादेच्या पाच टक्क्यांपर्यंत ते चालतात, कारण शेजारच्या बांधावरून येणारा फवारा आणि पाणी कुणी अडवू शकत नाही. मला हा नियम प्रामाणिक वाटतो. 'शंभर टक्के विषमुक्त' लिहिणाऱ्यापेक्षा तर नक्कीच, कारण 'विषमुक्त'ला शिक्काही नाही आणि तपासनीसही नाही. आणि सेंद्रिय साखरेचं बिस्कीट हे शेवटी साखरेचं बिस्कीटच असतं.

अंड्यांची आणि दुधाची गोष्ट याहून अवघड आहे. 'फ्री रेंज', 'आनंदी कोंबड्या', 'क्रूरतामुक्त' असे शब्द खोक्यांवर सर्रास दिसतात, पण भारतात 'फ्री रेंज'ची कायद्याने बांधलेली व्याख्या नाही. कोंबडीला किती जागा मिळाली, ती बाहेर गेली का, तिची चोच कापली का, हे तपासून तो शब्द छापू देणारं कुणी नाही. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या पिंजऱ्यांवर विधी आयोगाने २०१७ साली आपला २६९ वा अहवाल दिला. त्यानंतरही दुकानातल्या खोक्यावरचा शब्द होता तसाच सैल राहिला. आमची 'फ्री रेंज' अंडी जिथून येत, ती जागा मी पाहून आले. कोंबड्या पिंजऱ्यात नव्हत्या हे खरं. गादी पद्धतीच्या शेडमध्ये भुशावर दाटीवाटीने होत्या, आणि बाहेरच्या कुंपणातलं गवत कुणी चरल्याचं दिसत नव्हतं. पिंजऱ्यापेक्षा बरं, पण ज्याचे पैसे घेतले ते हे नव्हे.

तपकिरी कवच म्हणजे गावरान असंही नसतं. कवचाचा रंग जातीवर ठरतो. गिरिराज, वनराज या सुधारित जातीही तपकिरी अंडी देतात. बलक गडद दिसतो तो खाद्यातल्या मक्यामुळे किंवा झेंडूच्या अर्कामुळे. आणि खरी गावरान कोंबडी उकिरड्यावर काय काय टिपते हे ज्याने पाहिलं आहे, तो तिच्या अंड्याला सेंद्रिय म्हणणार नाही. सेंद्रिय अंड्यासाठी खाद्यही सेंद्रियच लागतं. 'हार्मोन-फ्री' चिकनसाठी जास्त पैसे तर मुळीच मोजू नका. ब्रॉयलर झटपट वाढतो तो जातीमुळे आणि खाद्यामुळे. विचारायचंच असेल तर प्रतिजैविकं कधी आणि कशासाठी दिली ते विचारा. दुधात 'ए२' प्रथिनाचा गजर चालतो. ऑगस्ट २०२४ मध्ये एफएसएसएआयने हे दावे पाकिटांवरून काढायला सांगितले आणि आठवड्याच्या आत तो आदेश मागेही घेतला. ग्राहकाने काय समजायचं?

छोट्या शेतकऱ्याकडून थेट घेत असाल तर कागदाचा आग्रह धरू नका. वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असलेला उत्पादक थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. मात्र 'जैविक भारत' चिन्ह त्याला लावता येत नाही. त्याला विचारा, तण कसं काढता, मावा आला तर काय करता, पीक संपल्यावर माल कुठून आणता. "यंदा मावा फार होता, एक फवारणी करावी लागली" असं जो सांगतो, त्याच्याकडून मी डोळे मिटून भाजी घेते. बारा महिने सगळ्या भाज्या पुरवणाऱ्याकडून घेत नाही. आमची सोसायटी आता तूर आणि हरभरा एका पीजीएस गटाकडून घेते, तांदूळ मावळातल्या एका शेतकऱ्याकडून, 'सेंद्रिय' न म्हणता. अंडी ज्याची त्याने आणावीत असं ठरलं आहे.

सुट्या मालाचंही बिल मागा आणि त्यावर 'सेंद्रिय' असं लिहून घ्या. बहुतेक बनावट विक्रेते तिथेच अडखळतात. खोटं चिन्ह दिसलं तर पाकिटाचा, नंबराचा आणि बिलाचा फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.